हिनं मला रंग विचारला

४ फेब्रुवारी

कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या सोडल्या तर मी आजवर काही लिहिलेलं नाही. पण दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "गोळ्यांची नोंद ठेवा, एकही चुकता कामा नये." म्हणून ही वही.

हिला क्षय निघाला. दोन महिने खोकत होती आणि आम्ही ते धुळीवर ढकलत होतो. लोकरी कपडे उसवले की धूळ उडतेच. परवा रुमालावर रक्त दिसलं. मी दुकानातच मटकन खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. हिनं रुमालाची घडी घातली आणि म्हणाली, "उठा आधी. गिऱ्हाईक येईल."

सहा महिने औषध. रोज सकाळी उपाशीपोटी. गोळ्या किती ते वजनावर ठरतं, आणि दवाखान्यातला काटा नेमका बिघडलेला. सिस्टरनी विचारलं, "वजन किती यांचं?" हिला खोकल्यामुळे बोलता येईना. मी छातीठोकपणे सांगितलं, "अठ्ठावन्न." गेल्या वर्षी मोजलं होतं, माझ्या पक्कं लक्षात आहे. "मग चार गोळ्या," सिस्टर म्हणाल्या आणि कार्डावर लिहिलं.

सूचना पुष्कळ दिल्या. लघवी लाल होईल, घाबरू नका. मळमळेल. कावीळ वाटली तर लगेच या. डोळ्यांचंही काहीतरी म्हणाल्या, पण मागचा माणूस आमची खुर्ची ओढत होता आणि ही बसल्या जागी पेंगुळली होती. असो. मुख्य ते कळलं : गोळी चुकवायची नाही.

घरी आल्यावर हिनं आपले कपडे दोन्ही बाजूंनी आवळून शिवायला काढले. सगळे अंगाला ढगळ झालेत म्हणे.

५ फेब्रुवारी

गोळ्या : चार. पहिला दिवस. समोर उभा राहून घ्यायला लावल्या.

"तोंड उघडून दाखवू का?" ही म्हणाली.

"दाखव," मी म्हणालो. दाखवलं. जीभ पण दाखवली.

२० फेब्रुवारी

गोळ्या : चार. पंधरा दिवस घरात बसून हिचा जीव आंबला होता, आजपासून दुकानात आली. तोंडाला फडकं बांधून खिडकीपाशी आपल्या खुर्चीवर बसली, कुणी तरी सिंहासन परत दिल्यासारखी.

आमचं रफूचं दुकान. मी पुढं : कपडे घ्यायचे, चिठ्ठी लावायची, इस्त्री करायची, लोकांशी बोलायचं. बोलायला मला आवडतं. ही मागं : फाटलेलं, जळलेलं, कसरीनं खाल्लेलं कापड पुन्हा विणायचं. हिनं रफू केलं की भोक कुठं होतं ते मालकालाही सांगता येत नाही. कपड्याच्याच शिवणीतून धागा काढते, नाहीतर त्या रंगाचं रीळ शोधते. हिच्यामागं भिंतभर कप्प्यांचं कपाट आहे, त्यात रिळं. त्याला हात लावायची मला बंदी आहे. लग्न नवीन असताना तिनं तपकिरी रीळ आणायला पाठवलं, ते मी दुकानदाराशी भांडून आणलं आणि ते हिरवं निघालं. तेव्हापासून ती म्हणते, "तुम्हाला काळा आणि पांढरा दोनच रंग येतात, त्यातही पांढरा अंदाजानं." मला विचाराल तर मरून, कॉफी, शेवाळी, खाकी ही सगळी नावं बायकांनी नवऱ्यांना छळायला काढलेली आहेत.

११ मार्च

गोळ्या : चार. खोकला जवळजवळ गेला. महिन्याच्या गोळ्या आणायला मी एकटाच गेलो, हिला कशाला दगदग? सिस्टरना वही दाखवली. त्यांनी शेजारच्या सिस्टरना बोलावून दाखवली. म्हणाल्या, "सगळे नवरे असे असते तर!" हे मी घरी आल्यावर जसंच्या तसं सांगितलं. ही म्हणाली, "त्यांना एक दिवस तुमच्याबरोबर राहायला सांगा."

८ एप्रिल

थुंकीची डबी घेऊनही मीच गेलो. तपासणीत जंतू दिसले नाहीत! जीव भांड्यात पडला. आता चार औषधांतलं एक कमी केलंय, तीन चालू राहतील. गोळ्यांची संख्या मात्र तीच. आणखी चार महिने. सिस्टर म्हणाल्या, लोक इथंच घात करतात. बरं वाटलं की सोडून देतात आणि मग रोग दामदुपटीनं उलटतो, साधी औषधं लागू पडत नाहीत. मी म्हणालो, "आमच्याकडे ते होणे नाही."

डोळ्यात तेल घालून बसलोय.

२६ एप्रिल

ही हल्ली सकाळी म्हणते, "पेपर तुम्हीच वाचून दाखवा, छपाई फार फिकी येते." मी वाचतो, ती ऐकते. मधेमधे मी माझी मतं घालतो, तीही ऐकते. आजारपणानं माणूस मऊ होतो हे खरं आहे.

९ मे

आज एक नवल घडलं.

ही खिडकीपाशी एक लोकरी स्वेटर घेऊन बसली होती. मला हाक मारली. दोन्ही हातांत एकेक रीळ. म्हणाली, "बघा बरं, यातलं कुठलं जवळचं?"

तीस वर्षांत हिनं मला पहिल्यांदा रंग विचारला! मी घाई केली नाही. रिळं दारात नेऊन उजेडात धरली, स्वेटरवर ठेवली, मान तिरकी करून पाहिली, तिची सगळी नक्कल केली. म्हणालो, "डावं."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

तिनं डावं घेतलं. दिवसभर मी जरा ताठच चालत होतो. शेजारच्या घड्याळजींनाही सांगितलं. ते म्हणाले, "तीस वर्षांनी बढती. पेढी बदलू नका आता."

१४ मे

गोळ्या : चार. आजही विचारलं. दोनदा.

१८ मे

कपाट आवरायला काढून हिनं गोंधळ घालून ठेवलाय. रिळं भलत्याच कप्प्यांत. मी विचारलं तर म्हणाली, दिवा मेला आहे, काही दिसत नाही. नवा, मोठा दिवा आणला. "कसा आहे?" म्हटलं, तर थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे."

घड्याळजींशी काय बिनसलंय कोण जाणे. काल त्यांनी रस्त्यापलीकडून हात केला, हिनं सरळ त्यांच्याकडे बघून मान वळवली. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, ओळख तरी दाखवायची." ती म्हणाली, "लक्ष नव्हतं."

२८ मे

बँडमास्तर कोट घेऊन आले. बागेत रविवारी त्यांचा बँड वाजतो, तो लाल कोट. वीस वर्षांचा. छातीवर आणि डाव्या बाहीवर कसरीनं खाल्लंय. माणूस धिप्पाड, मिशा भरघोस, पण आवाज इतका बारीक की काउंटरवर वाकून ऐकावं लागतं. म्हणाले, "वहिनींशिवाय कुणाच्या हातात देणार नाही."

शिवणीच्या आतला धागा गडद निघाला. बाहेरचं कापड उन्हानं विटलेलं, त्यामुळे आतला धागा चालेना. रीळ शोधायला हवं. हिनं सगळी दुपार त्यात घालवली. शेवटी तीन रिळं माझ्यासमोर ठेवली. मी मधलं निवडलं.

३१ मे

सकाळी गोळ्या पुढं केल्या तर म्हणते, "आज एक दिवस नाही घेतल्या तर?"

माझं डोकंच फिरलं. चार महिने एक दिवस चुकला नाही आणि आता दोनच महिने राहिले असताना हे? मी नाही नाही ते बोललो. रक्ताचा रुमाल आठव म्हणालो. तिनं हात पुढं केला, चारही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि वरून पाणी प्यायली. तोंड उघडून दाखवलं. मी बघितलं नाही, तरी दाखवलं.

गोळ्या : चार.

कोट झाला. मी स्वतः इस्त्री केली. हुबेहूब. भोक कुठं होतं ते मलाही सापडलं नाही.

३ जून

बँडमास्तर कोट घेऊन परत आले. दुकानात दुसरं कुणी नाही ना हे बघून मग आत आले.

"वहिनी," ते म्हणाले, "काम नेहमीसारखंच आहे. बोट फिरवलं तर कळत नाही. पण रंग... म्हणजे रविवारी बागेत मुलं हसली. मला वाटलं, घाईत झालं असेल."

"काय झालंय रंगाला?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, कारण रंग मी निवडला होता.

"हिरवा आहे हो," ते जवळजवळ माफी मागत म्हणाले. "लाल कोटावर हिरवं ठिगळ."

मी कोट उजेडात नेला. कुठंय हिरवा? मला तर सगळा एकजीव दिसत होता. घड्याळजींना हाक मारली, म्हटलं तुम्हीच सांगा. त्यांनी कोट बघितला, माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे. हळूच म्हणाले, "हिरवाच आहे."

ही उठून आली. काउंटरवर कोट पसरला आणि त्यावर तळहात फिरवायला लागली. छातीवरून, बाहीवरून, पुन्हा छातीवरून. मग म्हणाली, "कुठं आहे ते दाखवा जरा."

बँडमास्तरांनी तिचं बोट धरून त्या जागी ठेवलं.

आपलंच रफू तिला सापडत नव्हतं.

त्याच दिवशी, नंतर

शटर अर्धं ओढून घेतलं. भर दुपारी तीस वर्षांत पहिल्यांदा. ही खुर्चीत बसली होती, मी जमिनीवर.

"कधीपासून?" मी म्हणालो.

"महिना होऊन गेला. आधी रंग गेले. लाल मातकट दिसायला लागला. आता मधोमध धूर असतो. तुमचा चेहरा बघते तेव्हा कान दिसतात, नाक दिसत नाही."

"म्हणून घड्याळजी..."

"ते होते का? मला वाटलं, दुसरंच कुणी माझ्यामागच्या माणसाला हात करतंय."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"गोळ्यांमुळेच होतंय असं मला वाटत होतं. औषधाआधी असं कधी नव्हतं. पण तुम्ही त्या रुमालाच्या दिवशी जसे रडलात ना, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. म्हटलं, दोन महिने कळ काढू. गोळ्या संपतील, डोळे येतील. शनिवारी एक दिवस सोडून बघावं म्हटलं, तर तुम्ही अंगावर आलात."

मी खाली पडलेले धागे गोळा करायला लागलो.

"रोज वहीत लिहिता माझ्याबद्दल," ती म्हणाली. रागानं नाही, नुसती सांगितल्यासारखी. "मला वाटायचं, एखाद्या दिवशी विचाराल."

४ जून

आज गोळ्या दिल्या नाहीत. सकाळी उजाडताच दवाखान्याच्या दारात जाऊन बसलो. सिस्टरनी ऐकलं आणि कपाट बंद करून आमच्याबरोबर स्वतः डोळ्यांच्या विभागात आल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, केस आखूड, बोलणं तुटक. हिला पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. वरच्या दोन ओळी आल्या, बाकी नाही. मग ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक काढलं. रंगीत ठिपक्यांत आकडे लपवलेले असतात म्हणे. वीस पानांतली हिला तीन ओळखता आली. डोळ्यांत थेंब घालून आत पाहिलं. मग विचारलं, "नक्की केव्हापासून? तारीख सांगता येईल?"

हिला सांगता येईना. मी म्हणालो, "माझ्याकडे वही आहे."

"वाचा."

मी वाचायला लागलो. २६ एप्रिल : छपाई फिकी येते. बाईंनी लिहून घेतलं. मग ९ मे. "तीस वर्षांत हिनं मला पहिल्यांदा रंग विचारला" हे मोठ्यानं वाचलं, आणि "मी घाई केली नाही" इथपर्यंत आलो आणि पानावर तळहात ठेवला. पेढीचा विनोद, ताठ चालणं, सगळं पुढच्या ओळींत होतं. माझ्या बढतीच्या दिवशी ती आंधळी होत होती आणि मी घड्याळजींना सांगत फिरत होतो.

"पुढं?" बाई म्हणाल्या. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः वाचली. १४ मे. १८ मे, दिवा. रस्त्यापलीकडचा हात. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीनं बारीक खूण केली. मग मागं मागं जात पहिल्या पानावर आल्या आणि थांबल्या.

"वजन अठ्ठावन्न? कुणी मोजलं?"

मी म्हणालो, "मी सांगितलं."

कोपऱ्यात काटा होता. हिला उभं केलं. सत्तेचाळीस. आणि हे चार महिने अंडी-दूध खाऊन सुधारल्यावर. फेब्रुवारीत त्याहून कमीच असणार.

बाईंनी कागदावर औषधाचं नाव लिहून दिलं, इथॅम्ब्युटॉल. म्हणाल्या, "क्षयासाठी चांगलं औषध आहे. बहुतेकांना काही होत नाही. क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास होतो, आणि मात्रा जास्त झाली तर त्याची भीती वाढते. यांना तीन गोळ्या हव्या होत्या. ते औषध आजपासून बंद. बाकीची दोन चालूच राहतील, वजनाप्रमाणे. छातीच्या डॉक्टरांशी मी बोलते. मनानं काही सोडायचं नाही."

"डोळे येतील?" मी विचारलं.

"बऱ्याच जणांचे येतात. सगळ्यांचे नाही. महिने लागतात. आणखी महिना उशीर केला असता तर मी एवढंही म्हणाले नसते."

बाहेर बाकावर सिस्टर हिचा हात धरून बसल्या. "मी कार्डावर ऐकीव वजन लिहिलं," त्या म्हणाल्या, "दुसऱ्या खोलीतून काटा आणायचा कंटाळा केला. आणि डोळ्यांचं एकदा सांगितलं की सांगितलं, नंतर यांच्याकडून कधी विचारून घेतलं नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दर महिन्याला तुम्ही एकटेच यायचात आणि मी वहीचं कौतुक करत बसायचे."

हिनं आम्हा दोघांकडे तोंड करून म्हटलं, "तुमचं झालं असेल तर मला भूक लागली आहे."

१२ जून

पुन्हा तपासणी. सुधारणा नाही. उलट एक ओळ कमी आली. बाई म्हणाल्या, सुरुवातीला असं होतं, धीर सोडू नका.

ठिपक्यांचं पुस्तक उघडं होतं. मी वाट बघता बघता त्यात डोकावलो. म्हटलं, "यात आकडे आहेत कुठं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला हा दिसत नाही?"

"कुठला?"

मग मला खुर्चीत बसवलं. पान उलटायच्या, मी मान हलवायचो. मला फक्त पहिलं पान आलं, जे म्हणे सगळ्यांनाच येतं. लाल-हिरव्यातला फरक मला जन्मापासूनच कळत नाही. बाई म्हणाल्या, पुष्कळ पुरुषांना असतं, त्यांना पत्ताही नसतो.

ही शेजारी बसून ऐकत होती. तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी हसली की बाईंनी पाणी मागवलं. "आणि मी यांना विचारत होते," ती म्हणत होती, "नक्की ना, म्हणून दोनदा विचारत होते!"

मीही हसलो. चार महिन्यांत पहिल्यांदा. घरी येईपर्यंत दोघं मधेच फुटत होतो. मग ही उंबऱ्यात चप्पल काढून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे दुकानात रंग बघणारं आता कुणीच नाही."

७ जुलै

गोळ्या : वजनाप्रमाणे. मोजून.

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. हिनं महिनाभर दुकानात पाऊल टाकलं नाही. मी गिऱ्हाइकांना परत पाठवत होतो. कुणी विचारलं की सांगायचो, "तब्येत बरी नाही." घड्याळजी रोज तिच्याशी येऊन बोलतात, आणि आल्याबरोबर आधी स्वतःचं नाव सांगतात.

काल एक बाई पांढरी चादर घेऊन आल्या. इस्त्रीनं जळलेली, मुलीच्या खोलीतली. मी नाही म्हणणार होतो. मग म्हटलं, पांढरं आहे की. घरी नेली. हिच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "यात रंगाचं काही काम नाही."

तिनं जळक्या जागेच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "सुई ओवून द्या."

मी ओवली. पाच वेळा चुकलो. ती म्हणाली, "दृष्टी कुणाची गेलीय नक्की?"

चादर झाली. धागा धागा बोटानं मोजून.

२२ जुलै

दाराला पाटी लावली : सध्या फक्त पांढऱ्या कपड्यांचं रफू. लोक येतात! सदरे, टेबलक्लॉथ, डॉक्टरांचे कोट. गावात इतकं पांढरं फाटत असेल अशी कल्पना नव्हती.

५ ऑगस्ट

औषध संपलं. छातीचा फोटो स्वच्छ. क्षय गेला. छातीच्या डॉक्टरांनी हात मिळवला. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण बाहेर आल्यावर हिची पायरी चुकली आणि मी तिला सावरलं. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असं काहीतरी वाटत राहिलं.

वजन त्रेपन्न.

१६ सप्टेंबर

सकाळी चहा घेताना ही म्हणाली, "दाढी नीट करत जा. हनुवटीखाली राहते."

मी कप खाली ठेवला. "दिसतं तुला?"

"दिसतंय म्हणूनच सांगतेय."

रस्त्यावर घड्याळजी दिसले. हिनं आधी हात केला. ते आपलं नाव सांगायला धावत आले, अर्ध्या रस्त्यात त्यांच्या लक्षात आलं आणि मधेच उभे राहिले. मागून सायकलवाला ओरडला.

२१ ऑक्टोबर

पाटीवरची शेवटची ओळ सोडून सगळ्या आल्या. ठिपक्यांच्या पुस्तकात चौदा पानं. बाई पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "उरलेली येतील असं सांगत नाही. एवढं आलं हेच पुष्कळ आहे." उजवा डोळा चांगला, डाव्यात गडद लाल आणि तपकिरी अजून एकमेकांत मिसळतात.

बँडमास्तरांना निरोप धाडला. ते पाच महिने तो कोट तसाच घालून वाजवत होते. मुलं हसली तर म्हणायचे, हे पदक आहे. ही दोन दिवस बसली. रीळ मात्र एकटीनं निवडलं नाही. घड्याळजींना त्यांचं भिंग घेऊन बोलावलं, दारातल्या उजेडात तीन धागे धरले, त्यांनी एक सांगितला, हिनं वेगळाच सांगितला. दोघं वाद घालत बसली. शेवटी हिचाच घेतला आणि तोच बरोबर होता असं बँडमास्तर म्हणतात. मी मत दिलं नाही. मला कुणी विचारलंही नाही.

१८ नोव्हेंबर

सिस्टर दुकानात आल्या. त्यांच्याकडे आता नवीन काटा आहे, आणि प्रत्येक महिन्याला पेशंटला स्वतः यायला लावतात. म्हणाल्या, "डोळ्यांचं मी तोंडानं सांगते, पण लोक विसरतात. घरी नेण्यासारखं काही देता येईल का?"

हिनं विचार केला आणि पुठ्ठ्याचे पत्त्याएवढे तुकडे कापायला लावले. प्रत्येकावर आठ धागे गुंडाळले : लाल, मातकट, हिरवा, शेवाळी, निळा, जांभळा, पिवळा, करडा. पाठीमागे मी माझ्या चिठ्ठ्यांच्या अक्षरात लिहिलं : "दर रविवारी दिवसाच्या उजेडात बघा, एकेक डोळा झाकून. रंग फिके किंवा सारखे वाटले तर त्याच आठवड्यात दवाखान्यात या. गोळ्या मनानं बंद करू नका."

"ही काही तपासणी नव्हे," सिस्टर म्हणाल्या, "तपासणी मी करूनच घेईन. पण घरात कुणीतरी विचारेल तरी."

चाळीस पत्ते झाले. प्रत्येकावरचा मातकट धागा ही दोनदा तपासत होती, एकदा उजव्या डोळ्यानं, एकदा डाव्या.

३० नोव्हेंबर

जेवण झाल्यावर वही उघडली आणि काय लिहावं सुचेना. गोळ्या नाहीत, तारखा नाहीत. ही समोर बसून सदऱ्याचं बटण लावत होती. मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आजचा दिवस कसा गेला तुझा?"

तिनं वर पाहिलं. मी पुढं काही लिहायला घेतो का म्हणून जरा थांबली. मग सुई पदरात टोचून ठेवली आणि बोलायला लागली. तास होऊन गेला असेल. डोळ्यांचं होतं, आणि दुसरंही पुष्कळ होतं.

त्यातलं इथं काही लिहीत नाही.